सही थांबली की कायदाही थांबतो

वडिलांची सही देखणी होती. पहिलं अक्षर वळणदार, मग आडनाव एका दमात, खाली एक तिरपी रेघ आणि रेघेच्या टोकाला दोन टिंबं. प्रगतिपुस्तकावर ती उमटली की आम्हा भावंडांना हायसं वाटायचं. त्या दिवशी बँकेत मुदत ठेव मोडायच्या अर्जावर त्यांनी पहिलं अक्षर काढलं आणि हात थांबला. पेन तसंच धरून ते माझ्याकडे बघत राहिले. पुढे काय काढायचं असतं ते मी सांगेन, असं त्यांना वाटत असावं.

काउंटरपलीकडची मुलगी चांगली होती. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. सही जमत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेता येईल, हेही तिनंच सांगितलं. मग जरा वाकून तिनं वडिलांना विचारलं, "काका, हे पैसे कशासाठी काढताय?" वडील हसले आणि म्हणाले, "तुझी बदली झाली का गं?" तिनं अर्ज बाजूला सरकवला. मी पिशवीतून कुलमुखत्यारपत्र काढलं. दोन वर्षांपूर्वी वडील चांगले असताना केलेलं, नोंदणी केलेलं, पानापानावर ती देखणी सही. ती आत साहेबांकडे गेली, बऱ्याच वेळानं बाहेर आली. "मॅडम, त्यांना कळत होतं तोवर हे चालत होतं. आता नाही चालणार."

मी भांडले. आवाज चढला, मागच्या रांगेतली माणसं बघायला लागली. घरी येऊन कायदा काढून वाचला, तेव्हा लक्षात आलं की त्या मुलीचंच बरोबर होतं.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम २०१ प्रमाणे, मुखत्यार नेमणारा माणूस वारला किंवा त्याचं मन ठिकाणावर राहिलं नाही, की मुखत्यारी आपोआप संपते. मुखत्यार म्हणजे मालकाचा लांबवलेला हात. मालकाच्या मनात इच्छाच उरली नसेल, तर त्या हातानं कुणाची इच्छा राबवायची, असा त्यामागचा विचार. तो चुकीचा नाही. पण आपण कुलमुखत्यारपत्र करतो ते कशासाठी? "उद्या मला काही झालं तर पोरांची अडचण नको" म्हणूनच ना? म्हणजे ज्या दिवसासाठी कागद करून ठेवला, नेमका त्याच दिवशी तो निकामी होतो. ही गोष्ट आम्हाला ना वकिलांनी सांगितली, ना मुद्रांक विकणाऱ्यानं, ना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कुणी.

मला इथे एकच गोष्ट मांडायची आहे. आपला कायदा आणि आपल्या घरातली बोलणी, दोन्ही म्हाताऱ्या माणसाच्या मालमत्तेकडे वारसांच्या बाजूनं बघतात. तिची वाटणी कशी होणार, कुणाच्या नावावर काय लागणार, याची चर्चा साठीपासून सुरू होते. पण ती मालमत्ता सगळ्यात आधी त्या माणसाच्या स्वतःच्या शेवटच्या वर्षांसाठी आहे. औषध, शुश्रूषा, चोवीस तास जवळ बसणारं माणूस, हे सगळं भागून जे उरेल ते वारसांचं. हा क्रम कायद्यानं आणि घरानं, दोघांनीही लावायला हवा, आणि आजघडीला दोघांनीही लावलेला नाही.

ही अडचण थोड्यांची नाही. २०११ च्या जनगणनेत साठीच्या वरचे लोक दहा कोटींहून अधिक होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानं साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के काढलं, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. यात पक्षाघातानं वाचा गेलेले, अपघातानंतर बेशुद्धीत पडलेले धरलेले नाहीत. या सगळ्यांच्या नावावर काही ना काही असतं: निवृत्तिवेतनाचं खातं, ठेव, सोसायटीतला फ्लॅट, गावाकडचा सातबारा. आणि एका दिवशी ते सगळं गोठतं. माणूस आहे, त्याचा पैसा आहे, खर्चही आहे, फक्त या तिघांना जोडणारी सही नाही.

मग लोक काय करतात? एटीएमचं कार्ड आणि पिन वापरतात. मोबाइल आपल्याकडे ठेवून ओटीपी घेतात. आम्हीही तेच केलं. खरं सांगायचं तर महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांतली निम्मीअधिक शुश्रूषा आज अशा चोरट्या वाटेनं चालत असेल, असा माझा अंदाज आहे. प्रेमानं केलेलं काम चोरासारखं करावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे, ज्याला खरोखर लुबाडायचं आहे तोही हीच वाट वापरतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोघांतला फरक ओळखता येत नाही.

कायदेशीर वाट नाही असं नाही, पण ती थेट उच्च न्यायालयात जाते. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात निदान एक सोय होती: जिल्हा न्यायालयात चौकशी होऊन अशा माणसाच्या मालमत्तेसाठी पालक किंवा व्यवस्थापक नेमता यायचा. २०१७ चा नवा मानसिक आरोग्यसेवा कायदा अनेक अंगांनी चांगला आहे. रुग्णाला त्यानं माणूस म्हणून मान दिला. पण जुना कायदा रद्द करताना मालमत्तेचं ते प्रकरणही गेलं आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यापुरता आहे, त्यात स्मृतिभ्रंश बसत नाही. म्हणून लोक रिट याचिका घेऊन उच्च न्यायालयात जातात. केरळ उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये शोभा गोपालकृष्णन प्रकरणात बेशुद्धावस्थेतल्या रुग्णासाठी पालक कसा नेमावा याची मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, ती का? तर कायद्यात तशी तरतूदच नाही, हे न्यायालयाच्या लक्षात आलं म्हणून. मुंबई उच्च न्यायालयानंही अशा अनेक बायकांना, मुलांना दिलासा दिला आहे. न्यायाधीशांचे उपकारच म्हणायचे. पण नवऱ्याची ठेव मोडून त्याच्याच औषधाला पैसे घालण्यासाठी सांगलीच्या किंवा परभणीच्या बाईनं उच्च न्यायालयात वकील उभा करायचा, ही कुठली रीत?

यातली एक विसंगती मला फार खुपते. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर मी लिहून ठेवू शकते की बरं होण्याची आशा संपल्यावर मला यंत्रावर ठेवू नका, आणि तो निर्णय माझ्या वतीनं अमुक माणसानं घ्यावा. म्हणजे माझा श्वास कधी थांबू द्यायचा हे ठरवणारा माणूस मी आज नेमू शकते. माझी मुदत ठेव मोडून शुश्रूषेला येणाऱ्या मावशींचा पगार देणारा माणूस मात्र नेमू शकत नाही.

इंग्लंडनं हा गुंता १९८५ मध्येच सोडवायला घेतला. मन शाबूत असताना नेमलेला मुखत्यार मन गेल्यावरही टिकेल, असा कायदा त्यांनी केला आणि २००५ च्या नव्या कायद्यात तो आणखी नीट बसवला. त्यात पैशांचा मुखत्यार वेगळा नेमता येतो, आरोग्याच्या निर्णयांचा वेगळा. कागद सरकारी कार्यालयात नोंदवल्याशिवाय वापरता येत नाही आणि गैरवापराची तक्रार त्याच कार्यालयाकडे करता येते. सिंगापूरनं २००८ मध्ये तसाच कायदा केला. आपला करार कायदाही इंग्रजांच्याच तालमीतला. त्यांनी त्यांच्या घरातली खोली कधीच दुरुस्त केली, आपण अजून १८७२ च्या भिंतीला टेकून बसलो आहोत.

आता दुसरी बाजू. मन शाबूत असताना आपण आपल्या मालमत्तेचं काय करतो? महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलगा-मुलगी किंवा नातवंडांच्या नावे बक्षीसपत्रानं केली, तर मुद्रांक शुल्क पडतं २०० रुपये. स्थानिक अधिभार वगैरे निराळे. हेतू चांगला होता, कुटुंबातल्या कुटुंबात घर जाताना सरकारनं हात मारू नये असा. पण त्यानं घर देऊन टाकणं फार सोपं झालं. "बाबा, पुढे कटकट नको, आत्ताच नावावर करून टाका, दोनशे रुपयांत काम होतं." हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की ते कोण म्हणतंय हे चेहरा न बघता सांगू शकेन. दारिद्र्यरेषेखालच्या साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धाला केंद्र सरकार महिन्याला जे निवृत्तिवेतन देतं, तेही २०० रुपयेच. राज्य आपली भर घालतं म्हणून ती रक्कम जरा बरी दिसते.

बक्षीसपत्र म्हणजे दिलेली वस्तू. ती परत मागता येत नाही, हा सर्वसाधारण नियम. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या चरितार्थ कायद्यानं कलम २३ मध्ये त्याला एक अपवाद दिला: सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्यानं सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीनं किंवा दबावानं झालं असं धरून रद्द करून घेता येतं. हे मोठं काम झालं. पण "अटीवर" हा शब्द बघा. प्रेमानं घर देणारा बाप कागदावर अट कशाला घालेल? डिसेंबर २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट म्हटलं की अशी अट होती हे दाखवता आलं नाही तर कलम २३ लागू होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये उर्मिला दीक्षित प्रकरणात त्याच न्यायालयानं हा कायदा म्हाताऱ्यांच्या हितासाठी आहे, तो सढळपणे वाचा, असं सांगून आईला घर परत मिळवून दिलं. आनंद वाटला वाचून. मात्र त्या आईच्या हातात कागद होता: सांभाळण्याचा उल्लेख बक्षीसपत्रात होता आणि मुलानं वेगळं वचनपत्रही लिहून दिलेलं होतं. ज्यांनी नुसत्या विश्वासावर सही केली, त्यांचं काय?

म्हणून माझं मत रोखठोक आहे. राहतं घर हयातीत कुणाच्याही नावावर करू नये. मुलगा कितीही गुणी असो. मुलाच्या गुणांबद्दल ही शंका नाहीच. गुणी मुलाचाही घटस्फोट होतो, धंदा बुडतो, तो आपल्याआधीही जातो. मग घर त्याच्या बायकोकडे, त्याला कर्ज देणाऱ्यांकडे, नातवंडांच्या पालकाकडे जातं आणि म्हातारी त्या घरात पाहुणी होते. २०२० मध्ये एस. वनिता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ज्येष्ठांचा हक्क आणि सुनेचा राहत्या घरावरचा हक्क यांचा मेळ घालायला सांगितलं, तेही बरोबरच होतं. सुनेनं तरी कुठे जायचं? अशा पेचात दोन दुबळी माणसं एकमेकींसमोर उभी राहतात आणि ज्यानं पेच केला तो भलतीकडेच असतो.

द्यायचंच आहे ना? मग मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक लागत नाही, साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, केली तर बरं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शुद्धीत असेपर्यंत ते कितीदाही बदलता येतं. घराची किल्ली कमरेलाच राहते. नामनिर्देशन केलंय म्हणजे झालं, या भ्रमात मात्र राहू नका. नॉमिनी हा बहुतेक ठिकाणी पैसे ताब्यात घेणारा विश्वस्त असतो, मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीतही हेच खरं, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात सांगितलं आहे. आणि बँकेतलं प्रत्येक खातं, प्रत्येक ठेव आजच "दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहणारा" अशा पद्धतीनं संयुक्त करून ठेवा. आमची ती एक ठेव वडिलांच्या एकट्याच्या नावावर राहून गेली होती. कुणाच्या लक्षातच आलं नाही. पण संयुक्त खात्यानं बँकेपुरतंच भागतं, आणि मुदतीआधी ठेव मोडायला तिथेही सहसा दोघांच्या सह्या लागतात. फ्लॅट भाड्यानं देणं, विकणं, जमिनीचा वाद चालवणं यांना ते पुरत नाही. ज्यांची मालमत्ता मोठी आहे त्यांनी खासगी न्यास केला तर तो मन गेल्यावरही चालू राहतो. सामान्य माणसाला ते झेपत नाही.

खर्चाचं बोलू. आरोग्यविमा हा रुग्णालयाचा असतो. पाठीवर झालेली जखम रोज धुणं, रात्री दोनदा कूस बदलणं, भरवणं, डायपर बदलणं यातलं काहीही त्यात बसत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला आयुष्मान भारतखाली वर्षाला पाच लाखांचं संरक्षण मिळालं. मोलाचं आहे, पण तेही दाखल झाल्यावरचं. घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या आठ वर्षांचा खर्च कोण करणार, हा प्रश्न आपल्या धोरणात कुणी विचारलेलाच नाही. जर्मनीनं १९९५ मध्ये पगारातून वर्गणी कापून शुश्रूषेचा वेगळा विमा सुरू केला. जपाननं एप्रिल २००० पासून चाळिशीपुढच्या सगळ्यांना वर्गणी लावली. अमेरिकेत सरकारी मदत गरिबालाच मिळते, म्हणून तिथे मालमत्ता मुलांच्या नावावर करून गरीब व्हायची धडपड चालते आणि सरकार अर्जाआधीची पाच वर्षं तपासून बघतं. ते देश आपल्यापेक्षा श्रीमंत आहेत, मान्य. पण जर्मनीचा विमा काय किंवा अमेरिकेची झाडाझडती काय, दोन्हीकडे एक गोष्ट गृहीत आहे: शुश्रूषेला पैसा लागतो आणि तो कुठून तरी यावा लागतो. आपल्याकडे ती फुकट होते असं आपण धरून चाललो आहोत.

२००७ च्या कायद्यानं मुलांकडून मिळणाऱ्या चरितार्थाला महिना दहा हजार रुपयांची कमाल मर्यादा घातली. ती तशीच आहे. दिवसपाळी आणि रात्रपाळीच्या दोन मावशी ठेवल्या तर शहरात त्यात अर्धा महिनाही निघत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं होतं. त्यात ही मर्यादा काढायची होती, सून-जावयांवरही जबाबदारी टाकायची होती, घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी करायची होती. २०२४ मध्ये सतरावी लोकसभा संपली आणि विधेयकही बारगळलं. कुणी हळहळलेलं ऐकलं नाही. त्याच कायद्याच्या कलम ५ मध्ये आणखी एक गंमत नसलेली गोष्ट आहे: ज्येष्ठ नागरिक स्वतः असमर्थ असेल तर त्यानं अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. जो असमर्थ आहे त्यानं अधिकार द्यायचा कसा? या कायद्याखालचं, प्रांताधिकाऱ्यांकडे असलेलं न्यायाधिकरण स्वतःहून दखल घेऊ शकतं, एवढी एक फट आहे. पण प्रांताधिकाऱ्यांच्या टेबलावर बिनशेती परवानग्यांपासून निवडणुकीपर्यंत सगळं असताना कुणाच्या माजघरातलं म्हातारं त्यांना स्वतःहून कसं दिसणार?

घरातला पैसा घरातच अडकलेला असतो, हे तर आपण बघतोच. कोटीभराच्या फ्लॅटमध्ये राहणारी आजी गोळ्या अर्ध्या करून खाते. यासाठीच राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेनं २००८ मध्ये उलट तारण कर्जाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. साठीपुढच्या माणसानं राहतं घर बँकेकडे तारण ठेवायचं, बँकेनं त्याला दरमहा रक्कम द्यायची, हयातीत फेड मागायची नाही. पश्चात वारसांनी कर्ज फेडलं तर घर त्यांचं, नाहीतर विकून उरलेली रक्कम त्यांची. चांगली योजना, पण चालली नाही. बँकांनी उत्साह दाखवला नाही, हे एक कारण. दुसरं आपल्या मनात आहे. "घर तारण ठेवून खाल्लं" हा शब्दप्रयोग आपल्याकडे बट्टा लावण्यासाठी वापरतात. म्हातारी माणसं स्वतःच म्हणतात, पोरांसाठी एवढं तरी ठेवायला हवं. पोरं ते मुकाट ऐकून घेतात. "आई, घर तुझ्यासाठी आहे, विकू आणि चांगली बाई ठेवू" असं म्हणणारं पोर विरळा.

इथे हमखास आक्षेप येतो: आईबापाची सेवा पैशात मोजायची का? आपली संस्कृती कुठे गेली? मी या आक्षेपाला हलक्यात काढत नाही. माझ्या वहिनीनं वडिलांचं सगळं केलं, आणि कुठल्याही पगारी माणसानं केलं नसतं अशा मायेनं केलं. पण ज्या तीन वर्षांत तिनं ते केलं, त्या तीन वर्षांत तिनं नोकरी सोडली होती. तिचा भविष्यनिर्वाह निधी थांबला, बढती हुकली, कंबर गेली. सेवा पैशात मोजायची नाही हे वाक्य नेहमी न मोजणाऱ्याच्या तोंडी असतं, करणारीच्या नाही. वाटणीच्या वेळी वारसा कायदा सगळ्या भावंडांना समान मोजतो: जी दहा वर्षं उशाशी बसली ती आणि जो दिवाळीला येऊन फोटो काढून गेला तो, दोघांना सारखंच. बापाला सांभाळायची जबाबदारीही सारखीच आहे. लग्न झालेली, कमावती मुलगीही त्यातून सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्येच कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या खटल्यात सांगून ठेवलं आहे. जबाबदारी सारखी आणि हक्क सारखा, मग श्रम मात्र एकटीचे का?

तेव्हा घरात चांगले दिवस असतानाच भावंडांनी बसून लिहावं: जो सांभाळेल त्याला आईवडिलांच्याच पैशातून महिन्याला अमुक रक्कम मिळेल, मावशींचा पगार त्यांच्याच ठेवीतून जाईल, हिशेबाची वही सगळ्यांना दिसेल. यानं नात्यात व्यवहार येतो असं म्हणतात. व्यवहार तर आधीपासूनच असतो. तो न बोलता मनात साठत जातो आणि तेराव्याला जेवणाच्या पंगतीत फुटतो. मी अशा दोन पंगती पाहिल्या आहेत.

कायद्याकडून मागणी मोठी नाही. मन गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र द्या. ते करताना माणसाची मानसिक स्थिती डॉक्टरनं तपासावी, नोंदणी सक्तीची असावी, मुखत्यारानं वर्षाला हिशेब द्यावा आणि घर विकायचं असेल तर जिल्हा न्यायालयाची परवानगी घ्यावी. ज्यांनी काहीच करून ठेवलं नाही, त्यांच्यासाठी पालक नेमण्याचा अधिकार पुन्हा जिल्हा पातळीवर आणा, वेळेच्या मर्यादेसह. अशी मुखत्यारपत्रं आली तर मुलं आईबापांना लुटतील, अशी भीती घातली जाते. भीती खोटी नाही. पण आज पिन आणि ओटीपीवर चालणाऱ्या कारभाराचा हिशेब कोण तपासतं? नोंद असलेल्या माणसाला निदान जाब विचारता येतो. दहा हजारांची मर्यादा तर उद्याच्या उद्या काढायला हवी, त्यासाठी नवा विचारही लागत नाही, २०१९ चा मसुदा तयार आहे.

वडील त्यानंतर चौदा महिने होते. भावानं स्वतःच्या पगारातून भागवलं, माझ्या बांगड्या गेल्या, शेवटचे दोन महिने मावशींचा पगार थकला. त्या बोलल्या नाहीत, यायच्या थांबल्याही नाहीत. वडील गेल्यावर मी पुन्हा त्या काउंटरवर गेले. मुलगी बदलली होती. मृत्यूचा दाखला, माझं आधार कार्ड, ठेवीची पावती आणि नॉमिनीचा अर्ज एवढंच लागलं. अर्जावर वडिलांच्या सहीचा कुठे रकानाच नव्हता. दोन आठवड्यांच्या आत पूर्ण रक्कम व्याजासकट माझ्या खात्यात जमा झाली. त्यातला पहिला चेक मी मावशींच्या नावे लिहिला.